प्रोजेक्ट बायोशील्ड

प्रोजेक्ट बायोशील्ड म्हणजे अमेरिकेचा २००४ चा कायदा आणि त्याखाली चालणारी सरकारी औषधखरेदी. अँथ्रॅक्स (जिवाणूंमुळे होणारा जीवघेणा आजार), देवी, किरणोत्सर्ग, विषारी रसायनं असल्या संकटांवरची औषधं आणि लसी संकट यायच्या आधीच बनवून साठवायच्या, हा हेतू.

२००१ च्या शेवटी तिकडे टपालातून अँथ्रॅक्सची पावडर घातलेली पाकिटं आली, ५ जण गेले, १७ आजारी पडले, आणि मग सरकारला जाग आली. अडचण अशी की देवी जगातून गेल्याचं १९८० लाच जाहीर झालंय, पेशंटच नाही तर देवीचं औषध विकत घेणार कोण, आणि खपच नसेल तर कंपनी त्यात पैसा का घालेल? गिऱ्हाईक एकच, सरकार. म्हणून १० वर्षांसाठी सुमारे ५.६ अब्ज डॉलर बाजूला काढले, की तुम्ही बनवा, आम्ही घेतो. तेव्हाचे अध्यक्ष बुश यांनी २१ जुलै २००४ ला कायद्यावर सही केली.

पण मुख्य पैसे माल हातात आल्यावरच मिळायचे, आणि घोडं तिथेच अडलं. नोव्हेंबर २००४ मध्ये व्हॅक्सजेन या छोट्या कंपनीला अँथ्रॅक्स लसीच्या ७.५ कोटी डोससाठी ८७.७५ कोटी डॉलरचं कंत्राट दिलं, लस टिकण्याचा प्रॉब्लेम निघाला, चाचण्या लांबल्या आणि डिसेंबर २००६ मध्ये कंत्राट रद्द. सुरुवातीच्या संशोधनाला अनुदान होतं, शेवटी खरेदी होती, पण मधली चाचण्यांची आणि उत्पादन बसवायची वर्षं कंपनीने कशावर काढायची? माझ्या मते या सगळ्या धोरणात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे. कंत्राट रद्द झालं त्याच महिन्यात नवा कायदा होऊन बार्डा ही संस्था निघाली, ती या मधल्या टप्प्यालाही पैसे देते.

दुसरा पेच चाचणीचा. माणसाला मुद्दाम अँथ्रॅक्स देऊन औषध तपासता येत नाही, ते कुणी करूही नये. त्यासाठी एफडीएचा, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेचा, २००२ चा नियम आहे, गुण येतो का ते प्राण्यांवर बघायचं आणि औषध सुरक्षित आहे का ते निरोगी माणसांवर. अँथ्रॅक्सवरचं रॅक्सिबॅक्युमॅब २०१२ मध्ये आणि देवीवरचं टेकोव्हिरिमॅट २०१८ मध्ये असंच मंजूर झालं.

तातडीची मंजुरी, जी कोविडमुळे घरोघरी माहीत झाली, तिची तिथली आजची चौकटही याच कायद्यातली. फायझरच्या लसीला ती ११ डिसेंबर २०२० ला मिळाली, पण १० कोटी डोसची १.९५ अब्ज डॉलरची ऑर्डर सरकारने जुलैमध्येच देऊन ठेवली होती. (पुण्याच्या सीरमच्या कोविशील्डला जानेवारी २०२१ मध्ये मिळालेली मंजुरी आपल्या भारतीय नियमांखालची, तिचा या कायद्याशी संबंध नाही.)

साठ्याचं काम एकदा करून संपत नाही, लसींची मुदत संपते, परत घ्याव्या लागतात. आणि पहिली १० वर्षं सरल्यावर तो एकगठ्ठा निधीही राहिला नाही, आता दर वर्षी काँग्रेसकडून, म्हणजे तिथल्या संसदेकडून, पैसे मंजूर करून घ्यावे लागतात. २०२२ मध्ये एमपॉक्स (आधीचं नाव मंकीपॉक्स, देवीच्या जातीचाच आजार) आला तेव्हा त्यावर चालणारी, देवीसाठी घेतलेली लस होती, पण आधीच्या बऱ्याच डोसची मुदत उलटून गेलेली, त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत अमेरिकेतल्या शहरांमध्ये लोकांना लसीसाठी थांबावं लागलं.