काळा रंग (वस्त्ररंगाई)

कापडावर पडलेला दृश्य प्रकाश सर्व तरंगलांब्यांवर जवळजवळ सारखा शोषला गेला की कापड काळे दिसते. एकच रंगद्रव्य हे काम क्वचितच पुरे करते. बहुतेक द्रव्ये वर्णपटाचा एखादाच पट्टा नीट झाकतात आणि उरलेल्या पट्ट्याची झाक (निळी, हिरवट, तपकिरी) कापडावर राहते. म्हणून वस्त्ररंगाईतला काळा हा प्रायः मिश्रणाचा किंवा थरांचा रंग असतो. फिकट छटेला कापडाच्या वजनाच्या एक टक्क्याहून कमी रंग पुरतो, तर काळ्याला पाच ते आठ टक्के किंवा अधिक लागतो. तरीही नुसते प्रमाण वाढवून काळा खोल होत नाही. एका मर्यादेपुढे तंतू रंग घेईनासा होतो आणि वर बसलेला रंग घासताना हाताला लागतो. रंगाची खोली मोजण्यासाठी आज परावर्तनावर आधारलेले कुबेल्का-मंक सूत्र (१९३१) वापरतात.

टॅनिन व लोह यांपासूनचा काळा : भारतात सुती कापडाचा काळा मुख्यतः हिरडा आणि लोखंड यांपासून होत असे. हिरड्याच्या फळात टॅनिन या तुरट द्रव्याचे प्रमाण बरेच असते. सह्याद्रीत, विशेषतः भीमाशंकरच्या परिसरात, हिरडा आजही गोळा केला जातो. कापड प्रथम हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात, मग त्याला लोहक्षार देतात. हा क्षार हिराकशीचा (लोहाच्या सल्फेटचा) असे, किंवा गंजके लोखंड व गूळ मडक्यात काही आठवडे आंबवून केलेल्या पाण्यातला. राजस्थानातील बगरूचे छिपे (कापड छापणारे कारागीर) या पाण्याला ‘स्याही’ म्हणतात. ताज्या द्रावातले लोहाचे फेरस (कमी ऑक्सिडीकृत) रूप विद्राव्य व जवळजवळ बिनरंगी असल्याने ते तंतूच्या आत शिरते. तिथे हवेतल्या ऑक्सिजनने त्याचे फेरिक रूप होते आणि टॅनिनबरोबर न विरघळणारे निळसर काळे संयुग तयार होते. भिजलेले करडे कापड दोरीवर टाकल्यावर हळूहळू काळे पडत जाते, ते यामुळेच. हवा नीट लागावी म्हणून रंगारी कापडाच्या घड्या सतत उलगडत राहतो.

या पद्धतीचा मोठा दोष म्हणजे कापड कुजणे. जादा लोह सेल्युलोजच्या ऑक्सिडीकरणाला गती देते आणि प्रक्रियेत सुटणारे आम्ल तंतू तोडते. जुन्या छापील वस्त्रांत लाल-निळा भाग शाबूत असून फक्त काळ्या रेघांच्या जागी भोके पडलेली दिसतात, ती याचमुळे. म्हणून हिराकस बेताने घालणे आणि शेवटी कापड भरपूर पाण्यात धुणे हे या कामातले खरे कसब होय.

ही पद्धत भारतात केव्हा सुरू झाली याबद्दल एकमत नाही. मोहेंजोदडोला मिळालेल्या सुती तुकड्यावरचा रंग मंजिष्ठ-कुलातील वनस्पतीचा मानला जातो. त्यावरून रंगबंधकाचे (रंग तंतूला धरून ठेवणाऱ्या द्रव्याचे) ज्ञान फार जुने ठरते, पण तो पुरावा लाल रंगाचा आहे. इ. स. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने ईजिप्तमधील एक प्रकार नोंदवला : निरनिराळी द्रव्ये लावलेले कापड एकाच रंगात बुडवले की अनेक रंगांचे होऊन निघते. त्यातील एक द्रव्य लोहाचे असावे, हा तर्क पटण्याजोगा आहे. तुरटीवर लाल व लोहावर जांभळट काळा देणारी मंजिष्ठा अशाच पद्धतीने वापरतात. ईजिप्तमधील फुस्तात येथे सापडलेल्या भारतीय छापील वस्त्रांवरून मात्र मध्ययुगात हे तंत्र भारतात पूर्ण रुळलेले होते असे खात्रीने म्हणता येते.

निळीचा तळ : उत्तम काळ्यासाठी कापडाला आधी नीळ देण्याची प्रथा भारतात व युरोपातही होती. नीळ वर्णपटाचा पिवळा-नारिंगी भाग झाकते. आल (मुळांतून लाल रंग देणारे झाड) किंवा मंजिष्ठा यांचा लाल थर निळा-हिरवा भाग झाकतो, तर टॅनिन-लोहाचा थर उरलेले सर्व मंद करतो. तीन थर एकमेकांची उणीव भरून काढतात आणि लोहाचे प्रमाण कमी ठेवता आल्याने कापडही टिकते. नीळ मात्र एकदम दाट देऊन चालत नाही. सौम्य हौदात अनेकदा बुडवून दर वेळी हवा लागू द्यावी लागते. दाट हौदातली नीळ वरच बसते आणि घासताना सुटते.

फ्रान्समध्ये अर्थमंत्री कोल्बेरच्या काळातील १६७१ च्या रंगाई-नियमांत लोकरीच्या पक्क्या काळ्याला निळीचा तळ सक्तीचा होता. तळ खरोखर दिला हे तपासनीसाला दिसावे म्हणून थानाच्या टोकाला निळ्या रंगाचे लहान वर्तुळ न झाकता राखत. या सक्तीमागे व्यापारी पत राखण्याचा हेतू होता हे उघड आहे. स्वस्त काळा काही महिन्यांत तपकिरी पडे.

महाराष्ट्रात निळीचे काम निराळी समाजाकडे असे, इतर रंगकाम रंगाऱ्यांकडे. चंद्रकळा या साडीचे वर्णन कुठे काळी, कुठे गडद निळी असे येते. हा फरक वर्णनकारांच्या ढिलाईचा नसून निळीच्या तळावर चढवलेल्या काळ्याचाच असावा, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते.

लॉगवूड : मेक्सिकोतील काम्पेचे भागातील या झाडाच्या लाकडातून हेमॅटॉक्सिलीन हे रंगद्रव्य मिळते. लोह किंवा क्रोमियम यांच्याबरोबर ते काळा देते. इंग्लंडने १५८१ मध्ये कच्चा रंग म्हणून त्यावर बंदी घातली व १६६२ च्या सुमारास ती उठवली. लॉगवूडचा काळा एकोणिसाव्या शतकात लोकर व रेशमासाठी फार चालला. आज हे द्रव्य मुख्यतः ऊतींच्या तपासणीत वापरले जाते.

ॲनिलीन काळा : ॲनिलीन या कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या द्रव्याचे तंतूवरच ऑक्सिडीकरण करून मिळणारा हा रंग १८६३ मध्ये ॲक्रिंग्टन (इंग्लंड) येथील जॉन लाइटफूट यांनी पेटंट केला. शोधाचे श्रेय कोणाचे यावर मतभेद आहेत. जर्मन रसायनज्ञ रुंग यांनी १८३४ मध्ये ॲनिलीनच्या क्षारांपासून गडद हिरवट काळा रंग येतो असे नोंदवले होते. इंग्रज रसायनज्ञ पर्किन यांना १८५६ मध्ये जो काळा साका मिळाला, त्यातूनच मॉव्ह हा जांभळा रंग वेगळा काढला गेला. परंतु या दोघांनी अभिक्रिया पाहिली, कापडावर काळा रंग घडवला नाही. त्यामुळे श्रेय लाइटफूट यांच्याकडे जाणेच रास्त आहे. त्यांच्या मिश्रणातील विद्राव्य ताम्रक्षार छपाई-रुळावरचे पोलादी पाते खात असे. १८६४ मध्ये लोट यांनी त्याऐवजी ताम्र सल्फाइड वापरून ही अडचण दूर केली. पुढे व्हॅनेडियमची संयुगेही आली. आरंभीचा ॲनिलीन काळा आम्लाने हिरवट पडे. जादा ऑक्सिडीकरण करून हा दोष आटोक्यात आणल्यावर छत्रीच्या कापडासाठी तो दीर्घकाळ वापरात राहिला.

गंधक व विक्रियाशील रंग : फ्रेंच रसायनज्ञ व्हिदाल यांचा गंधक काळा (१८९३) स्वस्त आहे व धुण्यात टिकतो. मात्र साठवणीत त्यातील गंधकाचे आम्ल होऊन कापड विरू शकते. बेंझिडिन या रसायनापासूनचे सरळ (रंगबंधकाशिवाय थेट तंतूवर चढणारे) काळे रंग कर्करोगाच्या धोक्यामुळे भारतात १९९० च्या दशकात बंद झाले. आज सुती काळ्यासाठी विक्रियाशील (तंतूशी रासायनिक बंध जोडणाऱ्या) रंगांचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. त्यांपैकी ‘रिॲक्टिव्ह ब्लॅक ५’ प्रत्यक्षात काळा नाही. तो सुमारे ६०० नॅनोमीटरला सर्वाधिक शोषण करतो आणि कमी प्रमाणात वापरल्यास गडद निळा दिसतो. काळा आणण्यासाठी त्यात नारिंगी व थोडा लाल रंग मिसळतात, म्हणजे जुन्या निळ-मंजिष्ठेचेच गणित इथेही लागू पडते. मिश्रणातील रंग एकाच वर्गातले आणि सारख्या वेगाने तंतूवर चढणारे असावे लागतात. नारिंगी आधी चढला आणि निळा मागे राहिला, तर आतल्या-बाहेरच्या थरांची झाक वेगळी पडते. दिवसाच्या प्रकाशात जुळलेला काळा दुकानातील दिव्याखाली लालसर किंवा हिरवट दिसण्याचे कारणही बहुधा मिश्रणाची निवडच असते.

साधारणपणे ६० अंश सेल्सिअसला लिटरमागे ८० ते १०० ग्रॅम मीठ व त्यानंतर सोडा देऊन रंग बसवतात. बराच रंग पाण्याशीच संयोग पावून वाया जातो. तो उकळत्या साबणपाण्यात काढून टाकला नाही तर पहिल्या धुण्यातच सुटतो. काळ्याच्या सांडपाण्यात रंग व मीठ यांचे प्रमाण इतर छटांपेक्षा जास्त असते.

कापडाचा परिणाम : तंतूच्या पृष्ठभागावरूनच सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो, तो रंगाने अडत नाही. त्यामुळे तेच द्रावण मखमलीवर अधिक खोल, तर साध्या विणीवर करडे वाटते. मर्सरीकरण (कॉस्टिक सोड्याचा संस्कार) केलेला सुती धागा जास्त रंग घेतो व अधिक गडद दिसतो. ओले कापड नेहमी गडद दिसते. म्हणून नमुना वाळवून, इस्त्री करून, गार झाल्यावरच पारखतात.