सूर्यनमस्कार, शालेय (औंध)

सातारा जिल्ह्यातील औंध या पूर्वीच्या संस्थानाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या शाळांतून सक्तीचा केलेला सामुदायिक व्यायाम. संस्थानचा मुलूख विखुरलेला होता. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी व कुंडल ही गावे त्यात मोडत.

सूर्यनमस्काराच्या उगमाविषयी एकमत नाही. एक पक्ष तो वैदिक मानतो. तृचाकल्पनमस्कारांत ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील ५० व्या सूक्ताच्या अखेरच्या तीन ऋचा, बीजाक्षरे (ह्रां, ह्रीं यांसारखी मंत्रातील एकाक्षरे) आणि सूर्याची बारा नावे गुंफलेली असतात. तथापि तेथे साष्टांग दंडवत अभिप्रेत आहे, आसनांची साखळी नव्हे. दुसरा पक्ष समर्थ रामदासांकडे जातो. समर्थ रोज बाराशे नमस्कार घालीत, ही समजूत चाफळ-सज्जनगडच्या टापूत दृढ आहे; मात्र तिच्यातून संख्या कळते, रीत कळत नाही. हठयोगप्रदीपिकेत (हठयोगावरील जुना संस्कृत ग्रंथ) हा क्रम नाही. तिच्यावरील ब्रह्मानंदाच्या ज्योत्स्ना टीकेत (सामान्यतः एकोणिसावे शतक) पुष्कळ सूर्यनमस्कार घालणे शरीराला क्लेशकारक म्हणून वर्ज्य सांगितले आहे. म्हणजे त्या सुमारास ते श्रमाचे काम म्हणून परिचित असावेत. तालमीतील जोरांशी असलेले साम्य पाहता साष्टांग नमस्कार व जोर यांच्या मिलाफातून आजचे रूप आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

शालेय प्रसाराचे श्रेय मात्र निर्विवादपणे औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे. ते आधी युजीन सँडो या शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीने डंबेल्सचा व्यायाम करीत. १९०८ च्या सुमारास मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते नमस्कारांकडे वळले व तेथेच स्थिरावले. १९२८ मध्ये त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक निघाले. लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेली आवृत्ती १९३८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाली.

औंध पद्धतीत एका नमस्काराच्या दहा स्थिती असून प्रत्येक नमस्कारापूर्वी बीजमंत्रासह सूर्याचे नाव उच्चारतात. २५ नमस्कारांचे एक आवर्तन होते. मंत्राच्या तालामुळे सारा वर्ग एका लयीत राहतो. मागे पडणारे मूलही त्या ओघात पुढे सरकते. साधन लागत नाही, अंथरलेल्या पटकुराएवढी जागा पुरते, त्यामुळे दुष्काळी माणदेशातल्या शाळांनाही हा व्यायाम परवडला. मुलींनाही तो लागू होता. हुकूम काढणारा राजा स्वतः रोज नमस्कार घालतो, हे संस्थानात सर्वांना ठाऊक होते. मुलांना प्रवृत्त करण्यात सक्तीपेक्षा याचाच वाटा मोठा असावा. मंत्रांमुळे या व्यायामाला धार्मिक ठरवणारा आक्षेपही पुढे आला. मंत्र वगळून अंकांवर नमस्कार घेण्याची रीत अनेक शाळांत दिसते.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. रथसप्तमीला शाळांतून सामूहिक सूर्यनमस्कार घेतले जातात.