घरमालकांच्या तक्रारींची पार्श्वभूमी: गळकं छप्पर, दाणेदार छत आणि बिनखिडकीचं बाथरूम

स्वतःच्याच घराबद्दल मालकांची जी कुरकुर असते, तिची यादी देश बदलला तरी फारशी बदलत नाही. बाथरूम कोंदट, छप्पर गळकं, तळणाचा वास थेट झोपायच्या खोलीत, प्लगपॉइंट हवा तिथे सोडून सगळीकडे. यातली बरीचशी दुखणी जुन्या घरांची नाहीत. जाड भिंतींच्या जुन्या घरांचे जाच वेगळे होते: धूर, अंधार, पाण्याची ने-आण. आजची यादी तयार झाली ती मुख्यतः १९४५ नंतर, थोड्या वर्षांत पुष्कळ घरं उभी करायची होती तेव्हा. बांधताना जे वाचवलं ते राहणाऱ्याच्या खाती चढलं. यात कुणाचं कारस्थान नव्हतं, पण घर बांधणारा एक आणि राहणारा दुसरा असं झालं की बचत एकाची आणि निस्तरणं दुसऱ्याचं, हे ठरलेलंच.

त्याआधीचा एक वाद मात्र सोडून चालणार नाही, तो सपाट छपराचा. १९२८ मध्ये बर्लिनच्या त्सेलेनडॉर्फ भागात एका नव्या वसाहतीची सपाट छपरं काही लोकांच्या इतकी डोळ्यांवर आली, की तिच्यासमोर मुद्दाम उतरत्या छपरांची घरं बांधली गेली. हा प्रकार छपरांची लढाई म्हणूनच ओळखला जातो. त्यात दिसण्याचा मुद्दा होता आणि राजकारणही बरंच होतं. पॅरिसजवळ प्वासी इथे १९३१ मध्ये पुरं झालेलं, खांबांवर उचललेलं पांढरं घर वास्तुकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतं. त्याच्या मालकिणीच्या पत्रांतल्या तक्रारी तितक्या ठाऊक नसतात: प्रवेशदालनात पाणी, रॅम्पवर पाणी, गॅरेजची भिंत चिंब, बाथरूममध्ये छतातल्या काचेच्या झरोक्यातून पाणी. २०१६ मध्ये ते घर जागतिक वारसा यादीत गेलं. घरातली मंडळी दुसऱ्या महायुद्धातच ते सोडून गेली होती.

सपाट छप्पर गळतं ते सपाटपणामुळे कमी आणि कडांमुळे जास्त. मुळात ते पूर्ण सपाट असूच नये. बांधून झाल्यावर मीटरला निदान १२ मिलिमीटर उतार उरायला हवा असेल, तर नकाशात २५ मिलिमीटर धरावा लागतो, कारण स्लॅब थोडा झोल खातो आणि कोब्याची जाडीही कमी-जास्त होते. पाणी आत शिरतं ते पॅरापेटच्या (छपराच्या कठड्याच्या) सांध्यात, पावसाळी पाइपच्या तोंडाशी आणि स्लॅबमधून वर आलेल्या पाइपांभोवती. म्हणून वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर किमान १५० मिलिमीटर चढवतात. पुढे कुणीतरी वर आणखी एक कोबा आणि टाइल्स घालतो, १५० चे ७०-८० उरतात, आणि पाणी तुंबलं की थराच्या माथ्यावरून मागे उतरतं. डाग पडतो भलतीकडेच, कारण थराखाली गेलेलं पाणी स्लॅबच्या उतारावरून वाट काढत जातं. डागाच्या बरोबर वर खोदाई करणं हा यातला सगळ्यात नेहमीचा वाया गेलेला खर्च. आधी पाइपची तोंडं बंद करून २५ ते ५० मिलिमीटर पाणी निदान २४ तास कोंडावं, तेही छताचा एकेक भाग आड घालून वेगवेगळं. सगळं छप्पर एकदम भरलं तर गळतं एवढंच कळतं, आणि ते आधीच माहीत असतं.

उत्तर अमेरिकेतल्या घरांत दाणेदार, खरखरीत फवारणीचं छत १९५० पासून पुढची तीसेक वर्षं जोरात होतं. ध्वनी शोषतं असं सांगून ते विकलं गेलं, आणि थोडंफार शोषतंही. खरं कारण असं, की जिप्सम बोर्डाच्या सांध्यांवर पट्टी, तीन हात पुट्टी आणि घासकाम करायचं तर दिवस जातात, तेच फवारणीत काही तासांत झाकलं जातं. त्या मिश्रणात अनेकदा श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक असा अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. अमेरिकेत अग्निरोधक आणि उष्णतारोधक फवारणीतून तो १९७३ मध्ये आणि सजावटीच्या फवारणीतून १९७८ मध्ये हद्दपार झाला, पण दुकानात आणि गोदामात पडलेला माल पुढेही वापरला गेला. म्हणून नुसत्या बांधकाम-वर्षावर भरवसा ठेवून खरवडायला घेऊ नये. जागा ओली करून, थर तळापर्यंत घेऊन एक छोटा तुकडा तपासायला द्यावा. अहवाल स्वच्छ आला तर पाणी मारून रुंद पात्याने छत सहज उतरतं. त्यावर ऑइलपेंट बसलेला असेल तर पाणी शोषलं जात नाही, अशा वेळी खालून नवा बोर्ड मारणं परवडतं. खरवडल्यावर मालकाला धक्का बसतो तो वेगळाच: सांधे कधी नीट भरलेलेच नसतात. जे काम तेव्हा टाळलं होतं, ते आता मान वर करून करावं लागतं.

या यादीत सगळ्यात जास्त वाद ज्या निर्णयावर झाला, तो बिनखिडकीच्या बाथरूमचा. त्याचं मूळ बाथरूममध्ये नाही, भाड्याच्या चार-पाच मजली इमारतींच्या अंधाऱ्या खोल्यांत आहे. न्यूयॉर्कमध्ये १८७९ च्या कायद्याने आतल्या खोल्यांनाही खिडकी हवी असं ठरलं. बिल्डरांनी त्याला उत्तर काढलं ते असं, की इमारतीची कंबर दोन्ही बाजूंनी थोडी आत घ्यायची, म्हणजे शेजारच्या इमारतीबरोबर मधे एक उभी बोळ तयार होते. तिची रुंदी जेमतेम ७० सेंटीमीटर. कागदावर खिडकी झाली. प्रत्यक्षात उजेड वरच्या मजल्यापुरता, तळाशी वरून टाकलेला कचरा, आणि आग लागली की तीच बोळ धुराड्यासारखी पेटायची. १९०१ च्या कायद्याने ही पळवाट बंद केली आणि खिडकीपुढच्या मोकळ्या जागेची किमान मापं घालून दिली.

पुढे विजेचा पंखा आणि पत्र्याचा डक्ट (हवा वाहून नेणारी नळी) स्वस्त झाला आणि बाथरूमच्या बाबतीत नियम पुन्हा सैल झाले. आज अमेरिकी निवासी बांधकामाची नमुना नियमावली सांगते की बाथरूमला किमान ३ चौरस फूट काच हवी आणि तिच्यातली निम्मी उघडणारी हवी, किंवा मग पंखा हवा: गरजेपुरता चालणारा असेल तर मिनिटाला ५० घनफूट, सतत चालणारा असेल तर २०. इंग्लंडच्या मार्गदर्शक नियमांत मधूनमधून चालणाऱ्या पंख्यासाठी आकडा सेकंदाला १५ लिटर आहे, आणि खोलीला उघडणारी खिडकी नसेल तर दिवा बंद केल्यावर पंखा आणखी १५ मिनिटं चालला पाहिजे अशी पुस्ती आहे. ही पुस्ती फार मोलाची, आणि बसवताना सगळ्यात आधी हीच गळते.

बिल्डरचा हिशेब सरळ आहे. इमारतीत सगळ्यात मोलाची लांबी बाहेरच्या भिंतीची. दीड मीटर रुंदीचं बाथरूम तिथून उचलून आत ढकललं की ती लांबी झोपायच्या खोलीला मिळते. इमारत खोल करता येते, एकाच मार्गिकेच्या दोन्ही अंगांना घरं बसतात, आणि दोन घरांची बाथरूमं पाठीला पाठ लावून एकाच उभ्या पाइपवर येतात. या बाजूचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. थंडीच्या दिवसांत बाथरूमची खिडकी कुणी उघडत नाही, आणि खिडकी आहे म्हणून पंखाही बसवत नाहीत. अशा बाथरूमची बुरशी बिनखिडकीच्या बाथरूमपेक्षा कमी नसते. तरीही तराजू सारखा नाही. खिडकी बिघडत नाही, जाळी धुवावी लागत नाही, वीज गेली तरी चालते. पंखा हे यंत्र आहे, आणि त्याच्यामागचं निम्मं काम छताच्या वर कुणाला दिसत नाही तिथे केलेलं असतं.

आकडे घालून पाहिलं की अडचण लगेच समोर येते. दीड बाय २.४ मीटरचं, २.४ मीटर उंचीचं बाथरूम म्हणजे साधारण ८.६ घनमीटर हवा. २५ अंशांना एक घनमीटर हवा फार तर २३ ग्रॅम वाफ धरते, म्हणजे अख्ख्या खोलीची ऐपत सुमारे २०० ग्रॅमची. गरम पाण्याच्या एका शॉवरने तेवढी वाफ एका माणसात होते. दुसऱ्या माणसाची वाफ थेट आरशावर, छताच्या कोपऱ्यांत आणि बाहेरच्या थंड भिंतीवर बसते. खोलीतली हवा तासाला आठ वेळा बदलायची तर ताशी सुमारे ७० घनमीटर ओढणारा पंखा लागतो. १०० मिलिमीटरच्या साध्या पंख्याच्या खोक्यावर ८०-९० लिहिलेलं असतं, म्हणून तो पुरेल असं वाटतं. पण तो आकडा डक्ट न लावता, मोकळ्या हवेत मोजलेला असतो. पात्यांचा साधा पंखा भिंतीतून आरपार फुंकायला ठीक, दीड-दोन मीटरपेक्षा लांब डक्ट आणि दोन वळणं आली की त्याची हवा निम्म्यावर येते. तिथे डक्टच्या मध्ये बसणारा, हवा जोराने कडेला फेकून ढकलणारा सेंट्रिफ्यूगल पंखाच लागतो.

यातले ठरलेले बिघाड थोडेच आहेत. लवचीक डक्ट ताणून न बसवता नुसता टाकून दिलेला असतो, त्याला पोट सुटतं, वाफेचं पाणी त्या पोटात साठतं आणि हवेची वाट बंद होते. पंख्यातून थेंब पडतात त्याचं कारण बहुधा हेच, वरच्या मजल्याची गळती नव्हे. डक्ट ताणून, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन आणि थंड जागेतून जात असेल तर इन्सुलेशन गुंडाळून बसवला की थेंब थांबतात. काही ठिकाणी डक्ट बाहेर काढलेलाच नसतो, छताच्या पोकळीत सोडून दिलेला असतो. वाफ तिथल्या लाकडावर बसते आणि डाग पडायला दोन-तीन हिवाळे लागतात. सामाईक शाफ्टमध्ये उलट्या हवेची झडप नसेल किंवा रंगाने चिकटली असेल, तर शेजाऱ्याच्या बाथरूमचा वास आपल्याकडे येतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते दाराखालच्या फटीकडे. हवा बाहेर जायची तर तेवढी आत यायला हवी. ७६० मिलिमीटर रुंदीच्या दाराखाली १० मिलिमीटर फट म्हणजे ७६ चौरस सेंटीमीटर, आणि १०० मिलिमीटर डक्टचं तोंड सुमारे ७८ चौरस सेंटीमीटर. दोन्ही जवळपास सारखीच. नंतर बाहेर नव्या टाइल्स चढल्या किंवा पट्टी लागली की फट बुजते आणि चांगला पंखा नुसता आवाज करत राहतो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर थंड देशांत दारं-खिडक्या सील करायची लाट आली तेव्हा हा दोष एकदम उघडा पडला. तोवर घराच्या शेकडो फटी फुकटात हवा पुरवत होत्या. तपास सोपा आहे: पातळ टिश्यूपेपर जाळीला लावावा. दार बंद असताना तो गळून पडतो आणि दार बोटभर उघडलं की चिकटतो, तर दोष पंख्यात नसून दारात आहे.

नहाणी ट्रॅपचा (जमिनीतल्या जाळीखाली पाणी धरून गटाराचा वास अडवणाऱ्या भागाचा) वास येतो तेव्हाही पंख्यालाच दोष देतात, की तो ट्रॅपमधलं पाणी ओढून घेतो. तसं होत नाही. ट्रॅपमधलं ५० मिलिमीटर पाणी जवळजवळ ५०० पास्कल दाब अडवतं, आणि घरगुती पंख्याची ओढ त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. पाणी उडून जातं ते वापर नसल्यामुळे. अर्धा लिटर पाणी ओतून वर चमचाभर खाद्यतेल सोडलं तर ते पुष्कळ दिवस टिकतं.

उघड्या स्वयंपाकघराची गोष्ट यालाच लागून आहे. १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखलं गेलं ते १.९ बाय ३.४ मीटरचं, वेगळी खोली आणि मधे सरकतं दार असं होतं. वाफ आणि वास अडवणं हाही त्या दाराचा एक उद्देश होता. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसली. त्यात काम करणारी व्यक्ती एकटी पडते ही टीका पुढे रास्तच झाली, आणि भिंत गेली. भिंतीचं काम मग शेगडीवरच्या हूडवर, म्हणजे वाफ ओढणाऱ्या झाकणावर आलं. तो शेगडीपेक्षा अरुंद असेल किंवा ७५ सेंटीमीटरच्या फार वर टांगलेला असेल तर वाफ कडेने निसटते. शिवाय बाहेर डक्ट काढायला जागा नाही म्हणून हवा गाळून परत खोलीत सोडणारे हूड सर्रास बसवले जातात. ते तेल धरतात, कोळशाची फिल्टर वेळेवर बदलली तर वासही कमी करतात, ओलावा मात्र जसाच्या तसा परत खोलीत सोडतात. पुन्हा भिंत न घालता त्रास कमी करायचा असेल तर छतापासून ४०-५० सेंटीमीटर खाली येणारी काचेची पट्टी त्या जागी लावतात. वर चढलेली वाफ तिच्यामागे अडते आणि हूडला ती ओढायला वेळ मिळतो. अर्थात हूडचा डक्ट बाहेर जात असेल तरच.