शॉटगनचा दस्ता : रेड डॉटसाठी जुळवणी

शॉटगनवर रेड डॉट साइट (काचेवर लाल प्रकाशबिंदू दाखवणारे नेम धरण्याचे साधन) बसवल्यावर नेमबाजाचा डोळा मान न ताणता साइटच्या काचेमागे यावा, यासाठी दस्त्याची उंची, लांबी, बाजूचा कल (दस्ता नळीच्या रेषेपासून डावी-उजवीकडे झुकणे) आणि बटाचा, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या टोकाचा, कोन यांत करावयाचे फेरफार. रायफलच्या दस्त्याचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

साध्या शॉटगनला पुढे माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी) असते. मागची साइट नसते. ते काम डोळाच करतो, आणि डोळा कोठे येणार हे दस्ता ठरवतो. कॉम्ब, म्हणजे गाल टेकतो ती दस्त्याची वरची कड, थोडी जरी वर गेली तरी छर्रे वर जातात. डोळ्यापासून माशीपर्यंत ९० सेंमी. अंतर धरले, तर कॉम्ब ३ मिमी. उचलल्याने ३६ मी. वर छर्ऱ्यांचा मध्य सुमारे १२ सेंमी. वर सरकतो. रेड डॉटमध्ये हा संबंध तुटतो. काचेवरून परावर्तित होणारे किरण समांतर असल्याने बिंदू दूरवर असल्यासारखा दिसतो, आणि डोळा थोडा हलला तरी तो नेमावरून फारसा ढळत नाही. काच २५ मिमी. रुंद असेल, तर डोळा अगदी कडेला गेला तरी चूक १२-१३ मिमी.च्या आसपास राहते. छर्ऱ्यांचा पसारा मोजण्याचे मानक वर्तुळ ७६ सेंमी.चे असते, हे पाहता ही चूक नगण्य होय. यावरून ‘रेड डॉट आला की दस्त्याचे माप बघायला नको’ असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. छर्रे कोठे जाणार हे आता दस्ता ठरवत नसला, तरी बंदूक खांद्याला लागताच बिंदू दिसणार की शोधत बसावे लागणार, हे अजूनही तोच ठरवतो.

या साइटच्या आरंभाबद्दल एकवाक्यता नाही. परावर्तक साइटची मूळ कल्पना डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये मांडली. (पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेतील २० इंची दुर्बीण त्यांच्याच कारखान्यातली, वेधशाळा बंद झाल्यावर ती कोडाइकनालला गेली.) पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ही कल्पना विमानांवरील मशीनगनसाठी वापरली गेली. विजेवर चालणाऱ्या प्रकाशबिंदूलाच जे ‘रेड डॉट’ मानतात, ते आरंभ स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीपासून, म्हणजे १९७५ च्या सुमारास धरतात. मात्र त्याआधी, साधारण १९४५ नंतर, अमेरिकेत नायडार नावाची परावर्तक साइट खास शॉटगनसाठी विकली जात होती. तिला बॅटरी नव्हती, आजूबाजूच्या उजेडावरच ती चाले. १९७० च्या आगेमागे वीव्हर कंपनीची क्विक-पॉइंट आली, तीही उजेडावर चालणारी. तंत्राच्या इतिहासात एमपॉइंटचे स्थान मोठे आहे. दस्त्याच्या दृष्टीने मात्र नायडारपासून सुरुवात करणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण नळीच्या वर उंच बसलेली साइट आणि माशीसाठी घडवलेला बुटका दस्ता यांचा बेबनाव तेव्हापासूनचा आहे.

बेबनाव असा : कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक दस्त्यांचा कॉम्ब रिबच्या (नळीवरच्या पट्टीच्या) रेषेपासून सुमारे दीड इंच आणि टाच (बटाचे वरचे टोक) दोन ते अडीच इंच खाली असते. रेल, म्हणजे साइट धरणारी खाचांची पट्टी, लावून बसवलेली साइट दृष्टिरेषा आणखी इंच-सव्वा इंच वर नेते. मग गाल दस्त्यावरून सुटतो आणि हनुवटी टेकवून नेम धरावा लागतो. डोके अधांतरी राहिल्याने बंदुकीचा धक्का जबड्याला बसतो, आणि दर वेळी बिंदू हुडकावा लागतो. पहिला उपाय साइट खाली आणण्याचा. तळ पातळ असलेली किंवा थेट रिसीव्हरवर (नळी व दस्ता यांमधील बंदुकीच्या मुख्य भागावर) बसणारी साइट घेतली, तर निम्मे काम होते. उरलेली उंची कॉम्ब उचलून भरून काढायची. आधी फोमचे थर टेपने चिकटवून माप काढावे. पक्के काम त्यानंतर. चाचणीची रीत सोपी आहे : बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करावी, डोळे मिटून ती गालाला व खांद्याला लावावी, मग डोळे उघडावेत. बिंदू काचेच्या खालच्या कडेला दिसला किंवा दिसलाच नाही, तर एकेक थर वाढवावा; वरच्या कडेला दिसला तर थर काढावा.

येथे एक बारकावा बहुधा सुटतो. चढवलेल्या कॉम्बची वरची कड नळीला समांतर हवी, किंवा पुढे किंचित उतरती. ती मागे उतरत गेली, तर धक्क्याने बंदूक मागे येताना कॉम्बचा उंच भाग गालाखाली घुसतो आणि दहा-पंधरा काडतुसांतच गालाचे हाड दुखू लागते. चढाव जाड असेल तर तो चेहऱ्याला बाजूला ढकलतो व बिंदू काचेत एका अंगाला जातो. तेव्हा गालाकडची बाजू तासावी, किंवा दस्ता व रिसीव्हर यांमधील चकती बदलून बाजूचा कल वाढवावा. डोके ताठ ठेवण्यासाठी बटाची पट्टी थोडी खाली सरकवणेही उपयोगी पडते. बटाचा कोन चुकला तर त्याचे खालचे टोक छातीत रुतू शकते.

लांबी म्हणजे चापापासून बटाच्या मध्यापर्यंतचे अंतर, सामान्यतः १४ ते १४½ इंच. बंदूक लावल्यावर नाक आणि अंगठा यांत दोन-तीन बोटांची फट राहावी. इंदुरात जानेवारीच्या सकाळी जाड जाकीट घालून काढलेले माप मेच्या सुती सदऱ्यावर आखूड पडते, म्हणून बटामागे घालायच्या चकत्या जवळ ठेवाव्यात.

बिंदूचा आकार कलांत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांत सांगतात. सहा कलांचा बिंदू ३० मी. वर सुमारे ५२ मिमी. जागा झाकतो; ट्रॅपची (हवेत उडवलेल्या तबकड्यांवर नेम धरण्याच्या स्पर्धेची) तबकडी ११० मिमी. व्यासाची असते, म्हणजे बिंदूने ती पूर्ण झाकली जात नाही.

इंदूरपासून जवळच असलेल्या महूच्या इन्फंट्री स्कूलमध्ये लष्कराचे मार्क्समनशिप युनिट असल्याने या भागात नेमबाजीची जाण चांगली आहे. ऑलिंपिक ट्रॅप व स्कीट या तबकड्यांच्या स्पर्धांत प्रकाशबिंदू देणारी साइट चालत नाही, त्यामुळे स्पर्धेची तयारी करणाऱ्यांनी दस्ता माशीच्या मापाने ठेवावा आणि उचललेला कॉम्ब काढता-घालता येईल असा करावा. चाळिशीनंतर माशी धूसर दिसू लागलेल्यांना मात्र रेड डॉटचा खरा लाभ होतो, कारण नजर लक्ष्यावरच ठेवता येते. बंदुकीची दुरुस्ती व फेरफार हे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याचे काम आहे. कारागीर परवानाधारकच असावा.

संस्थानी काळातल्या विलायती दुनळ्यांपैकी पुष्कळ मालकाच्या मापाने घडवलेल्या आहेत. त्यांच्या रिसीव्हरला भोके पाडू नयेत आणि अक्रोडाचा मूळ दस्ता तासू नये. अशा बंदुकीवर साइट हवीच असेल, तर रिबला चिमट्याने धरणारा तळ आणि पट्ट्याने बांधायचा चामडी गालचढाव वापरावा. दोन्ही खूण न ठेवता उतरवता येतात.