स्वादुपिंडाचा कर्करोग : औषधांचा हिशेब महिन्यांत

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत दडलेले असते. त्यामुळे तेथील कर्करोग बहुधा इतरत्र पसरल्यावरच उघडकीस येतो, आणि शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेल्या रुग्णांची सारी भिस्त औषधांवर राहते.

या औषधांतले पायाभूत औषध म्हणजे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले जेमसिटाबिन. हा डीएनएच्या एका नैसर्गिक घटकाचा तोतया आहे. विभाजनाच्या तयारीतली पेशी त्याला आपला समजून डीएनएच्या साखळीत ओवते. त्यापुढे आणखी एकच मणी ओवला जातो आणि साखळी थांबते. शेवटून दुसऱ्या जागी बसलेला हा तोतया दुरुस्ती करणाऱ्या विकरांनाही सहसा काढता येत नाही.

आधीच्या फ्लुओरोयुरॅसिलशी त्याची तुलना झाली, तेव्हा मध्यम आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो काळ) ४.४ महिन्यांवरून ५.७ महिन्यांपर्यंत गेले. एवढ्यासाठी इतका खटाटोप का, असे कोणालाही वाटेल; परंतु त्या चाचणीत वेदना, वेदनाशामकांची गरज, वजन आणि हिंडण्याफिरण्याची ताकद यांचीही नोंद ठेवली होती, आणि तसा लाभ जेमसिटाबिन घेणाऱ्या सुमारे २४ टक्के रुग्णांना, तर जुन्या औषधावरच्या जेमतेम ५ टक्क्यांना झाला. माझ्या मते खरा निकाल हाच होता. याउलट, २००५ मध्ये जेमसिटाबिनच्या जोडीला मान्य झालेल्या अर्लोटिनिबने मध्यम आयुर्मानात दोन आठवड्यांचीही भर घातली नाही. संख्याशास्त्राच्या कसोटीला मात्र ते उतरले.

मोठी झेप २०११ मध्ये फ्रान्समधील चाचणीत दिसली. फॉल्फिरिनॉक्स या चार औषधांच्या मिश्रणाने पसरलेल्या कर्करोगातही मध्यम आयुर्मान ११.१ महिने झाले. एकट्या जेमसिटाबिनवर ते ६.८ होते. पण पांढऱ्या पेशी घटणे, जुलाब, थकवा, हातापायांना मुंग्या येणे असे दुष्परिणाम सोसण्याइतकी प्रकृती असेल, तरच डॉक्टर ते देतात. गाठ काढता आलेल्या रुग्णांत याच मिश्रणाच्या सौम्य रूपाने २०१८ मध्ये ५४.४ महिन्यांचा टप्पा गाठला, तर जेमसिटाबिनवर ३५ महिनेच मिळाले.

ज्यांच्यात जन्मतःच डीएनएच्या दुरुस्तीला मदत करणाऱ्या बीआरसीए जनुकात बिघाड असतो, अशा थोड्या रुग्णांसाठी ओलापॅरिब ही गोळी आहे. प्लॅटिनमयुक्त केमोथेरपीने रोग आटोक्यात आल्यावर ती सुरू करतात. २०१९ च्या चाचणीत तिच्यामुळे रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ३.८ वरून ७.४ महिन्यांवर गेला. एकूण आयुष्य मात्र लक्षणीय वाढले नाही. ते महिने रुग्ण सलाइनच्या नळीविना, घरी गोळ्या घेऊन काढतो.