फवारणीचा रुग्ण सिम्युलेटरमध्ये उतरवताना

वैद्यकीय महाविद्यालयातला सिम्युलेटर, म्हणजे सरावासाठीचा रुग्णाचा पुतळा, श्वास घेतो, त्याची नाडी लागते, तो बोलतोही. पण त्याला काय झालंय, कोणत्या औषधाने तो सुधारेल आणि दुर्लक्ष झालं तर किती मिनिटांत कोसळेल, हे कुणीतरी आधी लिहून ठेवावं लागतं. या लिखाणाला सिनॅरिओ म्हणतात. यंत्रासोबत हृदयविकाराचा झटका, दमा, रक्तस्राव असे तयार सिनॅरिओ मिळतात आणि ते उपयोगाचे आहेतच. चोपडा, शिरपूर किंवा शहाद्याच्या कॅज्युअल्टीत मात्र कपाशीवर फवारणी करून आलेला, घामाने निथळणारा, तोंडातून लाळ गळणारा शेतकरी येतो. तो रुग्ण खान्देशातल्या शिक्षकांनीच लिहायला हवा.

या पुतळ्यांचा इतिहास तसा जुना आहे. नॉर्वेतले खेळण्यांचे उत्पादक आस्मुंड लेर्डाल यांनी 1960 मध्ये कृत्रिम श्वास देण्याच्या सरावाची ‘रेसुसी ॲन’ ही बाहुली आणली. त्याच दशकात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘सिम वन’ तयार झाला. तो संगणकावर चालायचा आणि औषधांना प्रतिसाद द्यायचा. आज काही सिम्युलेटरमध्ये शरीरक्रियेची गणितंच भरलेली असतात. इतरांमध्ये शिक्षक एकेक स्थिती लिहितो. त्या स्थितीत नाडी किती, रक्तदाब किती, छातीचा आवाज कसा आणि काय घडलं की पुढची स्थिती सुरू होईल, हे सगळं तो ठरवतो. इथे बोलायचंय ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

फवारणीच्या औषधांतला ऑर्गॅनोफॉस्फेट गट शरीरातलं कोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) बंद पाडतो. त्यामुळे ते विकर एरवी ज्याला तोडतं, ते मज्जातंतूंचे संदेश पोहोचवणारं ॲसिटिलकोलिन साचत जातं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते, फुप्फुसांत स्राव भरतो, स्नायू फडफडतात आणि मग लुळे पडतात. म्हणून पहिली स्थिती साधारण अशी लिहावी: नाडी 50, रक्तदाब 90/60, ऑक्सिजन 86 टक्के, छातीत दोन्हीकडे बुडबुड्यांचा आवाज. इथपर्यंत सोपं आहे.

अवघड आहे ते ॲट्रोपिनचं, म्हणजे या विषबाधेवरच्या औषधाचं. ‘ॲट्रोपिन दिलं की रुग्ण सुधारतो’ असा एकच नियम लिहिला, तर विद्यार्थी एक इंजेक्शन देऊन मोकळा होईल आणि खऱ्या रुग्णापुढेही तेच करेल. अशी केस शिकवण्यापेक्षा न शिकवलेली बरी, असं माझं ठाम मत आहे. प्रत्यक्षात 1.8 ते 3 मिलिग्रॅमने सुरुवात करतात, पाच मिनिटांनी तपासतात आणि सुधारणा नसेल तर डोस दुप्पट करतात. आपल्याकडचं छोटं अँप्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, 0.6 मिलिग्रॅमचं. तीन, सहा, बारा मिलिग्रॅम असे तीन डोस झाले की 35 अँप्युल फुटलेली असतात! म्हणून सिनॅरिओत एकूण डोसची बेरीज ठेवावी लागते आणि पुढची स्थिती त्या बेरजेवर बांधावी लागते. ट्रेमध्येही तेवढी अँप्युल हवीत, मुदत संपलेली आणि ठळक खूण केलेली. ती फोडायला किती हात लागतात, कुणाला कामाला लावायचं, हेही तिथेच शिकायचं असतं.

दुसरी खोच नाडीची. पहिल्या-दुसऱ्या डोसनंतर नाडी 80 च्या वर जाऊ द्यावी, छाती मात्र ओलीच ठेवावी. मॉनिटरवरचा आकडा पाहून थांबणारा विद्यार्थी इथे सापडतो. छाती स्वच्छ होणं, नाडी आणि वरचा रक्तदाब 80 च्या पुढे जाणं, काख कोरडी होणं, हे सगळं मिळून थांबायचं ठरतं. त्यापुढेही डोस वाढवत नेणाऱ्यासाठी वेगळी स्थिती हवी: ताप, नाडी 140, आतड्यांचा आवाज बंद, असंबद्ध बडबड.

लवकर थांबलेल्या विद्यार्थ्याच्या रुग्णाचा ऑक्सिजन घसरतो. तो सरळ रेषेत घसरवू नये. रक्ताचा गुणधर्मच असा की 98 वरून 90 पर्यंत टक्केवारी हळूहळू उतरते आणि त्याखाली झपाट्याने. मास्कने ऑक्सिजन चालू असेल तर श्वास मंदावूनही आकडा काही काळ बरा दिसतो, आणि तोवर कार्बन डायऑक्साइड साचत राहतो. स्नायूंच्या लुळेपणावर ॲट्रोपिन चालत नाही, त्यामुळे छाती मोकळी होऊनही श्वास थांबू शकतो. श्वासनलिकेत नळी घालताना कुणी सक्सिनिलकोलिन हे स्नायू सैल करणारं औषध वापरलं, तर त्याचा असर लांबलेला दाखवावा, कारण ते तोडणारं विकरही विषाने बंद पडलेलं असतं.

फवारणीच्या औषधाने भिजलेला शर्ट अंगावरच राहिला तर? विष कातडीतून आत जातच राहतं. ठराविक वेळात कपडे काढून अंग धुतल्याची नोंद झाली नाही, तर सुधारलेली छाती पुन्हा ओली व्हावी, असा नियम जरूर घालावा.

पुतळ्याचा आवाज शिक्षक माइकवरून देतो. तो पुस्तकी मराठीत कशाला? ‘माले दम लागी ऱ्हायना’ (मला दम लागतोय) असं तो अहिराणीतच म्हणू दे. धडगावकडची केस असेल तर नातेवाईक पावरी या आदिवासी बोलीत बोलेल आणि दुभाषा शोधणं हाही सरावाचा भाग होईल. नंदुरबारसाठी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाची छाती अचानक बिघडण्याची केस हवीच. मण्यारदंशाचीही हवी. त्यात पापण्या मिटलेल्या, बाहुल्या उजेडाला दाद न देणाऱ्या, पण रुग्णाला सगळं ऐकू येत असतं. त्याच्या उशाशी कुणी ‘आता काही खरं नाही’ म्हणालं की नाडी 20 ने वाढवावी.

केस लिहून झाली की ती ठाऊक नसलेल्या सहकाऱ्यावर आधी चालवून पाहावी. न लिहिलेल्या कितीतरी गोष्टी तो करेल, त्या नियमांत भराव्या लागतील. एका कंपनीची फाइल सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर उघडत नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. स्थिती, आकडे, नियम यांचा तक्ता आधी कागदावर मराठीत नीट मांडला, तर धुळ्यात लिहिलेली केस नंदुरबारच्या यंत्रावर एखाद्या दुपारी चढवता येईल.