ढग वजा केल्यावर उरलेलं ऊन

हवामान प्रारूपांनी, म्हणजे हवामानाचं गणित मांडणाऱ्या संगणकीय मॉडेलांनी, वर्तवलेलं ऊन आणि जमिनीवर मोजलेलं ऊन जुळत नसेल, तर पहिला संशय ढगांवर जातो. ढग गणितात बसवणं अवघडच आहे. म्हणून आधी ढगांनाच बाजूला ठेवून फक्त निरभ्र आकाशातलं ऊन ताडून पाहतात. तरीही फरक उरला, तर दोष बाष्पाच्या, धूळ-धुराच्या किंवा प्रारणाच्या (प्रकाश-उष्णतेच्या किरणांच्या) हिशेबात शोधावा लागतो.

मोजमापं येतात ती मुख्यतः १९९२पासून चालू असलेल्या ‘बीएसआरएन’ या प्रारण मोजणाऱ्या केंद्रांच्या जागतिक जाळ्यातून. तिथे एक उपकरण सूर्यावर रोखलेलं राहून थेट ऊन मोजतं. शेजारच्या पायरॅनोमीटरवर, म्हणजे साऱ्या आकाशातून येणारा प्रकाश मोजणाऱ्या उपकरणावर, सूर्याबरोबर सरकणारी छोटी सावली धरलेली असते, त्यामुळे त्याला फक्त आकाशात विखुरलेला प्रकाश मिळतो. नोंद मिनिटामिनिटाला होते. आकाश निरभ्र होतं का, हेही आकडेच सांगतात: विखुरलेला प्रकाश कमी आणि उन्हाचा आलेख गुळगुळीत असेल, तर ढग नव्हते. लाँग आणि अॅकरमन या शास्त्रज्ञांनी २००० साली मांडलेली ही पद्धत मला फार सुंदर वाटते.

पण ‘निरभ्र’ म्हणजे काय? प्रारूप पावसाळी दिवशीही तीच दमट हवा ठेवतं, ढग तेवढे पुसतं आणि ऊन मोजतं. खऱ्या जगात मात्र आकाश मोकळं होतं तेव्हा हवा बहुधा कोरडीही असते. कोरडी हवा ऊन कमी शोषते. म्हणजे केवळ या फरकामुळे मोजलेलं ऊन प्रारूपापेक्षा थोडं जास्तच भरायला हवं.

प्रत्यक्षात उलटं दिसलं. झुरिकचे हवामानशास्त्रज्ञ मार्टिन विल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ३८ प्रारूपं तपासली. त्यांतल्या ३३ प्रारूपांचं निरभ्र ऊन मोजमापांपेक्षा जास्त निघालं. त्यांच्या अंदाजानुसार जमिनीवर पोचणारं निरभ्र ऊन जागतिक सरासरीने चौरस मीटरमागे २४७ वॅट आहे. वातावरणाच्या माथ्यावर ते सुमारे ३४० असतं.

माथ्यावरचा जमाखर्च उपग्रह नीट मोजतात. चूक होते ती हवा किती ऊन शोषते आणि जमिनीला किती मिळतं, या वाटणीत. हवेच्या वाट्याचं ऊन प्रारूपाने जमिनीला दिलं, की तिथे बाष्पीभवनाला जास्तीची ऊर्जा मिळते, आणि वर गेलेलं पाणी पाऊस होऊन खाली यावंच लागतं. उन्हाच्या हिशेबातली चूक अशी पावसाच्या आकड्यात उतरते.